जखमेंतील अळ्या : किळस, कारण आणि उपचार

मराठींत कोणाचें अत्यंत वाईट चिंतावयाचें झाल्यास त्याच्या अंगांत किडे पडोत, असा शाप देण्याची जुनी रीत आहे. खोटें बोलणाऱ्याच्या जिभेला किडे पडतात, दुसऱ्याला छळणाऱ्याच्या हाताला किडे पडतात, अशी समजूत घरोघरच्या गोष्टींतून पिढ्यान् पिढ्या चालत आली. या शापामागें एक खरी गोष्ट आहे. माणसाच्या जिवंत शरीरांत, त्याच्या जखमेंत, नाकांत, कानांत आणि तोंडांत अळ्या पडतात, हें अक्षरशः सत्य होय. त्या पापामुळें पडतात, हें मात्र सत्य नव्हे. या दोन विधानांतील अंतर ज्या घराला कळत नाहीं, त्या घरांत असा रोगी लोकलज्जेस्तव लपविला जातो; आणि लपविलेला रोगी हेंच या माशीचें सर्वांत सोपें भक्ष्य आहे.

या रोगाला आधुनिक वैद्यकांत मायायसिस असें म्हणतात. माशी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून एफ. डब्ल्यू. होप या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानें १८४० सालीं हें नांव घडविलें. नांव अर्वाचीन असलें तरी रोगाची ओळख आपल्याकडे फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत व्रणावरील उपचार सांगतांना, माश्या व्रणावर येऊन कृमि टाकतात आणि ते कृमि मांस खाऊं लागले म्हणजे दारुण सूज येते, ठणका लागतो व रक्त वाहूं लागतें, असें स्पष्ट म्हटलें आहे. तुळस ज्यांत मुख्य आहे अशा सुरसादि गणाच्या काढ्यानें व्रण धुवावा, अथवा त्यावर मांसाचा तुकडा झांकून कृमि बाहेर ओढून घ्यावेत, असा उपायही तेथें दिला आहे. यांत विशेष लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, कृमि व्रणांत आपोआप उपजत नाहींत, ते माशी आणून टाकते, हें त्या ग्रंथकारानें ओळखलें होतें. युरोपांत सडलेल्या मांसांतून अळ्या आपोआप निर्माण होतात अशी समजूत सतराव्या शतकापर्यंत टिकून होती. फ्रान्सिस्को रेदी या इटालियन वैद्यानें १६६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं बरण्यांतील मांस उघडें ठेवलें व कांहींवर झिरझिरीत कापड बांधलें. उघड्या मांसांत अळ्या झाल्या. झांकलेल्या मांसांत झाल्या नाहींत. या रोगाच्या प्रतिबंधाचें सारें तत्त्व त्या बरणीवरच्या कापडांत आहे.

सगळ्याच माश्या सारख्या नसतात. या दृष्टीनें त्यांचे तीन वर्ग पाडतां येतात. पहिल्या वर्गांतील माश्या सामान्यतः उकिरड्यावर अथवा खाद्यपदार्थांवर अंडीं घालतात व त्यांच्या अळ्या माणसाच्या शरीरांत शिरल्या तर केवळ अपघातानें शिरतात. घरांतील नेहमींची माशी या वर्गांत मोडते. दुसऱ्या वर्गांतील माश्या मेलेल्या जनावरांवर जगतात. परंतु एखादी जखम कुजूं लागून तिला वास सुटला, तर जिवंत माणसाची जखमही त्यांना चालते. तिसऱ्या वर्गांतील माश्यांना मात्र जिवंत मांसावांचून गत्यंतरच नाहीं. मेलेल्या जनावरावर अथवा उकिरड्यावर त्यांची प्रजा वाढत नाहीं. उष्ण रक्ताच्या प्राण्याचें जिवंत शरीर हेंच त्यांचें पाळणाघर होय.

भारतांत या तिसऱ्या वर्गाची प्रमुख प्रतिनिधि क्रायसोमाया बेझियाना ही आहे. १९१४ साली व्हिलनव्ह या फ्रेंच शास्त्रज्ञानें आफ्रिकेंतील काँगोमधून आलेल्या नमुन्यांवरून तिचें प्रथम वर्णन केलें. पुढें १९२० च्या सुमारास डब्ल्यू. एस. पॅटन यांनीं भारतांतील माणसांच्या व जनावरांच्या जखमांत अळ्या पाडणारी मुख्य माशी हीच असल्याचें दाखवून दिलें. घरमाशीपेक्षां ती आकारानें मोठी असून तिच्या अंगावर धातूसारखी निळसर-हिरवी चकाकी असते. मादी जखमेच्या कोरड्या कडेवर बसून एका वेळीं साधारण १५० ते २०० अंडीं चिकटवून देते. १२ ते २४ तासांत त्यांतून अळ्या निघतात आणि जखमेच्या ओलाव्याकडे सरकून मांसांत डोकें खुपसतात. प्रत्येक अळीच्या अंगावर कांट्यांचीं वलयें असल्यामुळें ती एखाद्या स्क्रूसारखी दिसते. म्हणूनच इंग्रजींत तिला स्क्रूवर्म हें नांव पडलें. तिचें तोंड आंत आणि श्वास घेण्याचीं छिद्रें शेपटीकडे, म्हणजे बाहेरच्या बाजूस असतात. ही रचना ध्यानांत ठेवणें अवश्य आहे, कारण उपचाराची किल्ली हीच आहे. ५ ते ७ दिवस मांस खाऊन पुष्ट झालेली अळी आपण होऊन जखमेंतून बाहेर पडते, मातींत शिरून कोष करते आणि उबदार हवेंत सुमारें आठवड्यानें त्यांतून नवी माशी उडून जाते.

हें वेळापत्रक एखाद्या घराच्या वेळापत्रकाशेजारीं मांडून पाहावें. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेच्या टांचेच्या जखमेवर सोमवारीं दुपारीं माशी बसली, असें समजूं. मंगळवारीं अळ्या निघाल्या. बुधवारीं पट्टीला वास येऊं लागला. घरच्यांनीं उदबत्ती लावली. गुरुवारीं सुनेला जखमेंत कांहींतरी हललेलें दिसलें. परंतु हें कोणाला सांगावें या संकोचानें ती गप्प राहिली. शुक्रवारीं मुलाला कळलें, तेव्हां रविवारीं सुटी असल्यामुळें त्या दिवशीं डॉक्टरकडे नेण्याचें ठरलें. रविवार उजाडेपर्यंत अळ्यांचें पोट भरलेलें असतें आणि टांचेंतील मांस हाडापर्यंत गेलेलें असतें. या घरांत कोणी दुष्ट नव्हतें. घाणेरडेंही कोणी नव्हतें. माशीला जेवढे दिवस पुरेसे होते, तेवढेच दिवस किळस आणि संकोच यांनीं तिला मिळवून दिले.

हा रोग कोणाला होतो, याचा विचार याच दृष्टीनें केला पाहिजे. तो गलिच्छ माणसाला होतो असें म्हणणें अर्धवट आहे. ज्याच्या अंगावर उघडी जखम आहे, जो माशी हांकूं शकत नाहीं किंवा जिला ती बसलेली कळत नाहीं, आणि ज्याच्याकडे दुसऱ्या कोणाचें लक्ष नाहीं, त्याला हा रोग होतो. या गोष्टी एकत्र आल्या म्हणजे गरीब-श्रीमंत असा भेद उरत नाहीं.

दक्षिण व मध्य अमेरिकेंतील अशाच जातीच्या माशीचा इतिहास या बाबतींत फार बोलका आहे. १८५८ सालीं शार्ल कोकरेल या फ्रेंच आरमारी डॉक्टरनें तिचें वर्णन केलें, तें फ्रेंच गियानांतील काळ्या पाण्याच्या शिक्षेवर पाठविलेल्या कैद्यांच्या नाकांत सांपडलेल्या अळ्यांवरून. त्यानें तिला दिलेल्या नांवाचा अर्थ 'माणसाला खाणारी' असा होतो. वास्तविक ती माशी मुख्यतः गुराढोरांवर जगते. समाजानें दृष्टीआड केलेल्या माणसांच्या शरीरांतून तिची शास्त्राशीं ओळख झाली, म्हणून तिला हें नांव मिळालें.

दृष्टीआड केलेल्या माणसांचा विचार पुण्यांत करावयाचा झाल्यास मुळा-मुठेपलीकडील येरवड्याचें नांव सहज ओठांवर येतें. १८७१ सालीं बांधलेलें मध्यवर्ती कारागृह आणि मोठें मनोरुग्णालय यांमुळें या उपनगराचें नांव साऱ्या महाराष्ट्रांत एक विशिष्ट अर्थानें रूढ झालें. 'येरवड्याला पाठवा' हा थट्टेचा शब्दप्रयोग कोणा पुणेकराला समजावून सांगावा लागत नाहीं. याच कारागृहांत १९३२ सालीं महात्मा गांधी राजबंदी असतांना परचुरे शास्त्री हे संस्कृताचे पंडितही तेथें बंदिवान होते. त्यांना कुष्ठरोग जडला होता व त्यामुळें त्यांना इतरांपासून वेगळें ठेवण्यांत आलें होतें. गांधीजींनीं त्यांच्याशीं पत्रव्यवहार ठेवून त्यांची विचारपूस चालविली. पुढें १९३९ सालीं शास्त्रीबोवा वर्ध्याजवळील सेवाग्रामांत आले, तेव्हां गांधीजींनीं त्यांना आश्रमांत ठेवून घेतलें, आपल्या निवासाजवळच त्यांच्यासाठीं झोंपडी उभारविली आणि स्वतःच्या हातांनीं त्यांच्या अंगाला मालीश केलें. परचुरे शास्त्रींच्या या हकीकतींत अळ्यांचा संबंध नाहीं. परंतु ज्या एकांतांत अळ्यांचें फावतें, तो एकांत कसा मोडावा हें तींत दिसतें.

कुष्ठरोगाचा आणि या अळ्यांचा संबंध निकटचा आहे. कुष्ठरोगाचे जंतु त्वचेखालच्या मज्जातंतूंचा नाश करतात. पायाला खिळा टोंचला, हाताला चटका बसला तरी रोग्याला कळत नाहीं. जखमा चिघळतात आणि त्यावर बसलेली माशीही त्याला जाणवत नाहीं. वाढलेल्या रोगांत नाकाच्या आंतील त्वचा सुकते, तिच्यावर खपल्या धरतात, नाक आंतून रुंद होतें, दुर्गंधि सुटते आणि शिंक येण्यासारखी संवेदनाही उरत नाहीं. अशा नाकांत माशी निर्धास्तपणें शिरते. कुष्ठ नसतांनाही नाकाची त्वचा सुकण्याचा एक स्वतंत्र विकार आहे आणि त्यांतही हाच धोका असतो. जुन्या आयुर्वेदीय ग्रंथांत नाकाच्या विकाराला पीनस हा शब्द आहे. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील इंग्रज डॉक्टरांनीं तोच शब्द उचलून नाकांत अळ्या पडण्याच्या रोगाला 'पीनाश' या नांवानें आपल्या नियतकालिकांत नमूद केलें. त्या काळीं अशा रोग्यांच्या टाळूला भोंक पडे, नाकाचा कणा बसे आणि क्वचित् अळ्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोंचून मृत्यु ओढवे.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनांतील एका मोठ्या कार्याचा उगम अशाच एका रोग्याच्या दर्शनांत आहे. चांदा जिल्ह्यांतील वरोरा येथें, आनंदवन स्थापन होण्यापूर्वीं कांहीं काळ, एका पावसाळी संध्याकाळीं बाबा आमटे यांना रस्त्याच्या कडेला तुळशीराम नांवाचा एक कुष्ठरोगी पडलेला दिसला. त्याचीं बोटें झडलेलीं होतीं आणि देहावरील जखमांत अळ्या वळवळत होत्या. निर्भय म्हणून ख्याति असलेले बाबा त्या दर्शनानें भ्याले आणि घरीं निघून गेले. मग आपल्या भीतीचीच त्यांना लाज वाटली. ते परत आले, त्यांनीं तुळशीरामाला आडोसा करून दिला आणि त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम वांचला नाहीं. परंतु त्यानंतर बाबांनीं कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेंत कुष्ठरोगावरील शिक्षण घेतलें, १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापन केली, आणि पुढें आनंदवन उभें राहिलें. या प्रसंगांतील शिकवण वैद्यकीय दृष्टीनेंही अचूक आहे. अळ्या पाहून भीति वाटणें स्वाभाविक आहे. रोग्याचें भवितव्य मात्र पाहणारा परत किती लौकर येतो यावर ठरतें.

१९८१ सालापासून जागतिक आरोग्य संघटनेनें पुरस्कारिलेल्या अनेक औषधांच्या एकत्रित उपचारामुळें कुष्ठरोग बरा होऊं लागला आणि त्यांतून होणारे अळ्यांचे प्रकार पुष्कळ कमी झाले. आतां त्यांची जागा दुसऱ्या रोग्यांनीं घेतली आहे. मधुमेहानेंही पायाच्या मज्जातंतूंची संवेदना जाते, आणि मधुमेह हा सुशिक्षित शहरी घरांतील नित्याचा पाहुणा झाला आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून विश्रांतवाडी व येरवड्याच्या बाजूनें पुण्यांत येते, त्या आषाढी वारीच्या दिवसांत अनवाणी चालण्याची हौस पुष्कळांना असते. परंतु पायाची संवेदना गेलेल्या मधुमेही वारकऱ्याला टांचेंत रुतलेला खडा संध्याकाळपर्यंत कळत नाहीं, आणि पावसाळा हाच माश्यांचा सुकाळ असतो. त्याशिवाय पक्षाघातानें अंथरुणास खिळलेले वृद्ध व त्यांच्या पाठीवरील शय्याव्रण, तोंडाच्या अथवा स्तनाच्या कर्करोगाच्या उघड्या गांठी, कान फुटून पू वाहणारीं मुलें, उवांमुळें डोकें खाजवून जखमा झालेल्या मुली, तोंड उघडें टाकून बेशुद्ध पडलेले मद्यपी, आणि मनाच्या आजारामुळें स्वतःच्या देहाचें भान हरपून रस्त्यावर हिंडणारे अभागी जीव, या सर्वांच्या बाबतींत सावध राहिलें पाहिजे.

रोगाचीं लक्षणें ओळखणें कठीण नाहीं. बरी होत आलेली जखम एकाएकीं ठणकूं लागते, तिच्यांतून रक्तमिश्रित पाणी येतें, विशिष्ट कुजका वास सुटतो आणि तिचें तोंड लहान असून आंत पोकळी असल्याचें जाणवतें. नीट निरखल्यास पांढुरके बिंदू खालीवर होतांना दिसतात. तीं अळ्यांचीं शेपटाकडील टोकें होत. नाकांत अळ्या असल्यास सतत शिंका, कांहींतरी सरपटल्याची जाणीव, घोळणा फुटणें, दुर्गंधि, डोकेदुखी आणि डोळ्यांच्या पापण्यांना व गालांना सूज हीं लक्षणें होतात. कानांत असल्यास तीव्र वेदना व रक्ताळ स्राव होतो.

अशा वेळीं घरांत काय करूं नये, हें आधीं सांगणें योग्य होईल. रॉकेल, फिनेल, कीटकनाशक पूड, चुना अथवा तंबाखू जखमेंत मुळींच घालूं नये. त्यांनीं अळ्या मरण्यापूर्वीं माणसाचें मांस भाजतें, आणि नाकांत ओतलेला द्रव फुप्फुसांत उतरून जिवावर बेततें. अळी चिमट्यानें ओढतांना तुटूं देऊं नये. तिचा आंत राहिलेला भाग सूज व पू निर्माण करतो. दिसलेल्या चार अळ्या काढून काम संपलें असें समजूं नये, कारण दिसतात त्याहून न दिसणाऱ्या पुष्कळ असतात. जखम उकळून निववलेल्या स्वच्छ पाण्यानें धुवावी, तिच्यावर स्वच्छ पट्टी बांधावी, रोग्याला मच्छरदाणींत ठेवावें आणि त्याच दिवशीं रुग्णालयांत न्यावें. येरवड्याच्या रहिवाशाला नदीचा पूल ओलांडला म्हणजे १८६७ सालीं उघडलेलें ससून रुग्णालय जवळच आहे. इतरांनीं आपल्या जवळचें रुग्णालय गांठावें. निघालेली एखादी अळी स्पिरिटांत घालून बाटलींतून बरोबर नेल्यास ती कोणत्या माशीची हें ओळखण्यास डॉक्टरांना साहाय्य होतें.

रुग्णालयांतील उपचाराचें तत्त्व सरळ आहे. अळीचें तोंड आंत आणि श्वासछिद्रें बाहेर असल्यामुळें तिचा श्वास कोंडला म्हणजे ती वर येते. यासाठीं जखमेंत टर्पेंटाईनच्या तेलांत भिजविलेली पट्टी कांहीं वेळ ठेवतात. हें काम डॉक्टरांच्याच हातून झालें पाहिजे, कारण हें तेलही नाजूक त्वचेला भाजतें. नाकाच्या व डोळ्यांच्या जवळ त्याऐवजीं सौम्य द्रव वापरतात. अळ्या वर येऊं लागल्या कीं चिमट्यानें एकेक पूर्ण काढतात, मिठाच्या निर्जंतुक पाण्यानें पोकळी धुतात आणि मेलेलें मांस कापून टाकतात. एका बैठकींत सर्व अळ्या क्वचितच निघतात. दोन ते चार दिवस रोज हाच क्रम चालवावा लागतो. नाकाच्या बाबतींत बारीक दुर्बीण आंत घालून पाहतात आणि अवश्य तर अळ्या कोठवर पोंचल्या हें सी. टी. स्कॅननें तपासतात. धनुर्वाताची लस देतात व जंतुसंसर्ग असल्यास प्रतिजैविकें देतात.

याखेरीज पोटांत घेण्याचें आयव्हरमेक्टिन हें एक मोलाचें औषध मिळालें आहे. जपानांतील मातींत सांपडलेल्या एका सूक्ष्म जंतूपासून तें निघालें व त्या शोधाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना २०१५ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. या औषधानें खोल दडलेल्या अळ्या मरतात अथवा बाहेर येतात. त्याची मात्रा रोग्याच्या वजनावर ठरते. गरोदर स्त्रिया व लहान मुलें यांच्या बाबतींत विशेष सावधगिरी लागते, म्हणून तें आपल्या मनानें घेऊं नये. सर्वांत शेवटीं, पण सर्वांत महत्त्वाचें काम उरतें तें मूळ रोगाचें. मधुमेह आटोक्यांत आला नाहीं, शय्याव्रणाच्या रोग्याची कूस वेळोवेळीं बदलली नाहीं, कानाचा पू थांबला नाहीं, तर माशीला दार पुन्हां उघडेंच राहतें.

या रोगाचे दोन प्रकार जखमेवांचूनही होतात. मेंढ्यांच्या नाकांत वाढणारी एक माशी उडतां उडतां सूक्ष्म अळ्यांचा फवारा सोडते. धनगरांच्या अथवा कळपाजवळून जाणाऱ्या प्रवाशांच्या डोळ्यांत तो गेल्यास डोळ्यांत वाळू गेल्यासारखें खुपतें, पाणी वाहतें व लाली येते. नेत्रवैद्य भूल देणारे थेंब घालून त्या अळ्या चिमटीनें काढतात आणि बहुधा रोगी लौकर बरा होतो. दुसरा प्रकार आफ्रिकेंत नोकरी-व्यवसायानिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीं ध्यानांत ठेवावा. तेथील टुंबू माशी वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर अंडीं घालते. अळी कपड्यांतून त्वचेंत शिरते आणि गळवासारखी गांठ येते. गांठीच्या तोंडाशीं व्हॅसलीन दाट लावलें कीं श्वास कोंडून अळी डोकावते व काढतां येते. कपडे, विशेषतः अंगाला घट्ट लागणारे, गरम इस्त्री करून वापरले तर हा त्रास मुळांतच टळतो.

अळीविषयीं मनांत बसलेली पापाची कल्पना दूर होण्यास तिची दुसरी बाजूही माहीत असावी. पहिल्या महायुद्धांत १९१७ सालीं विल्यम बेअर या अमेरिकन शस्त्रवैद्याला रणांगणांत सात दिवस पडून राहिलेले दोन सैनिक आढळले. मांडीचें हाड मोडलेलें, पोटाला जखम आणि जखमांत सहस्रावधि अळ्या, अशी त्यांची स्थिति होती. परंतु त्यांना ताप नव्हता, आणि अळ्या धुऊन काढल्यावर खालीं निरोगी गुलाबी मांस दिसलें. त्या माश्या दुसऱ्या वर्गांतील होत्या. त्यांच्या अळ्या मेलेलें मांस खातात आणि जिवंत मांस सोडून देतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत बेअरनें पुढें हाडें कुजलेल्या मुलांवर निर्जंतुक केलेल्या अळ्यांचा प्रयोग यशस्वी केला. १९४० नंतर पेनिसिलीन आल्यावर ती पद्धति मागें पडली. तथापि औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचा सुळसुळाट झाल्यावर २००४ सालीं अमेरिकन शासनानें प्रयोगशाळेंत वाढविलेल्या अशा अळ्यांना उपचारसाधन म्हणून पुन्हां मान्यता दिली. अर्थात् रुग्णालयांत मोजून, जाळी लावून ठेवलेल्या त्या अळ्या आणि घरीं जखमेंत पडलेल्या अळ्या या एक नव्हेत. आपल्याकडील बेझियाना जिवंत मांसच खाते. तेव्हां 'अळ्या जखम साफ करतील' म्हणून कोणीही वाट पाहूं नये.

अमेरिकेनें आपल्या स्क्रूवर्म माशीचा नायनाट करण्यासाठीं एक अभिनव मार्ग काढला. त्या माशीची मादी आयुष्यांत एकदांच नराशीं संग करते. म्हणून किरणांनीं वंध्य केलेले नर लक्षावधि संख्येनें सोडले, तर माद्यांचीं अंडीं पोकळ निघतील असा नीप्लिंग व बुशलंड या शास्त्रज्ञांचा तर्क होता. १९५४ सालीं क्युरासाओ बेटावर तो खरा ठरला आणि पुढील अर्धशतकांत संयुक्त संस्थानांपासून पनामापर्यंतचा मुलूख त्या माशीपासून मुक्त झाला. १९८८ सालीं लिबियांत शिरलेली तीच माशी याच उपायानें १९९१ सालीं हटविण्यांत आली. परंतु २०२३ पासून ती पनामाची सीमा ओलांडून पुन्हां उत्तरेकडे सरकली व २०२४ अखेर मेक्सिकोंत पोंचली. एवढ्या खर्चाच्या मोहिमेलाही डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवावा लागतो, हें यावरून दिसतें. आशियांतील बेझियानाविरुद्ध तेवढ्या विस्तारानें अशी मोहीम झालेली नाहीं. आपली माशी गुरांच्या, मोकाट कुत्र्यांच्या व माणसांच्या उघड्या जखमांवर जगते. त्यामुळें दाराशीं हिंडणाऱ्या जखमी जनावराला पशुवैद्याकडे पोंचविणें हेंसुद्धां माणसाच्याच आरोग्याचें काम ठरतें.

घराच्या पातळीवर मात्र हा पहारा अगदीं स्वस्त आहे. घरांत ज्याला जखम आहे, त्याची पट्टी रोज एकदां उजेडांत सोडून पाहावी, धुवावी आणि पुन्हां झांकावी. मधुमेह्याच्या पायाचे तळवे रोज रात्रीं पाहावेत. त्याला स्वतःला दिसत नसतील तर दुसऱ्यानें पाहावेत. अंथरुणावरील रोग्याची पाठ रोज पाहावी. माशीला अंडीं घालण्यापासून अळ्या निघेपर्यंत लागतात ते अवघे १२ ते २४ तास. रोज एकदां जखम पाहणाऱ्या घरांत तिला एवढासाच अवकाश मिळतो, आणि जखम झांकलेली असेल तर तोही मिळत नाहीं. आणि एवढें करूनही अळ्या दिसल्याच, तर त्यांचा अर्थ रोग्याचें पाप अथवा घराची बेअब्रू असा न करतां, आजच्या आज डॉक्टर गांठला पाहिजे, एवढाच करावा. रोगी वृद्ध असेल, पडून असेल, बोलूं शकत नसेल, तर हें त्याच्या वतीनें दुसऱ्या कोणाला तरी करावें लागतें. आणि तो दुसरा कोणी बहुधा घरांतच असतो.